लेकराला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली, येळवस (वेळ अमावस्या, शेतात जेवणाचा सण) तोंडावर आलीय. कसं सांभाळता?

मांजराकाठची (लातूर)

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

मुलगा ५ वर्षांचा. दिवाळीनंतर माहेरी गेलो होतो, औशाजवळ. सकाळी माझ्या आईनं भाकरीवर शेंगाची चटणी घालून दिली. दोन घास खाल्ले असतील. चटणीला तो पहिल्यापासून नाक मुरडायचा, आम्हाला वाटायचं तिखट लागतं. पाच मिनिटांत ओठ सुजले, मग मानेवर, पोटावर गांध्या उठल्या. आई म्हणाली पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावू, घोंगडी पांघरू. घोंगडी आणेपर्यंत त्याला उलटी झाली आणि आवाज बसला. ठसका लागल्यासारखा खोकत होता.

भावानं मोटारसायकल काढली. पहिल्या दवाखान्यात सलाईन लावलं, ॲलर्जीचं म्हणून एक इंजेक्शन दिलं आणि थांबा म्हणाले. आम्ही थांबलो. पोरगं पांढरं पडत चाललं होतं, शेवटी भावानं ऐकलं नाही, गाडी करून लातूरला आणलं. इथं मांडीत एकच सुई दिली. दहा मिनिटांत डोळे उघडून म्हणाला, "आई, पाणी." ते दोन शब्द मला अजून रात्री झोपेत ऐकू येतात.

मागच्या आठवड्यात हातावर टोचून टेस्ट केली. शेंगदाणाच निघाला. तीळ, काजू, तूर, हरभरा नाही.

आता येळवशीला सासरी शेतात ४०-५० माणसं. भज्जीत (मिश्र भाजीत) दाणे, शेंगाची पोळी, चटणी, सगळीकडं तेच. सासूबाई मायेनं म्हणतात, थोडं थोडं देऊन सवय लावा. शाळेत बाईंना सांगितलं तर त्या घाबरल्याच, काही दिवस घरीच ठेवा म्हणाल्या. आणि धाकटी ५ महिन्यांची आहे, तिला आता वरचं सुरू करायचंय, तिला शेंगदाणा द्यायचा की नाही तेही कळत नाही. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी सांगा, रोजचं कसं करता.

---

गोदाकाठ_परभणी

ताई, माझी मुलगी आता ११ वर्षांची आहे, तिलाही शेंगदाणाच. पहिलं वर्ष लय अवघड जातं. नंतर हात आपोआप वळतो.

सगळ्यात आधी कूट घरातून बाहेर काढा. "त्याच्यापुरतं वेगळं करते" हे चालत नाही, आपल्याकडं एकच पळी पाच भांड्यांत फिरते. मी तीन महिने वेगळं करून बघितलं. एकदा मिक्सरच्या झाकणातल्या रबराला लागलेलं कूट तिच्या चटणीत गेलं. त्या दिवसापासून घरात दाणाच नाही.

रस्सा दाट करायला येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ) आहेच की आपलं. येसर आमटीला कोण नाही म्हणतंय? विकतचं असेल तर त्यात काय टाकलंय ते विचारा, मी घरीच दळून आणते, तेही गिरणीवाल्याला आधी दुसऱ्याचं धान्य टाकायला सांगून. वांग्याच्या भाजीत डाळ्याचं कूट किंवा भाजलेल्या तिळाचं, तुमच्याकडं टेस्टमध्ये तीळ निघाला नाही म्हणून सांगतेय. कारळाची, जवसाची चटणी भाकरीसोबत. एकादशीला भगर, त्यासोबत दाण्याच्या आमटीऐवजी बटाट्याची.

आणि तेल! आमच्याकडं आता गल्लोगल्ली लाकडी घाणे झालेत. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचा अंश राहतो, ते बिलकुल नको. घाणेवाल्याला करडईचं मागितलं तरी आधी काय काढलं होतं ते विचारा, घाणा तोच असतो.

---

बालरोग_नांदेड

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाला तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण तुम्ही सांगितलेल्या प्रसंगावर बोलणं गरजेचं वाटतं.

अंगावर नुसत्या गांध्या उठल्या, लेकरू खेळतंय, तर घाई नाही. सेट्रिझिनसारख्या औषधानं खाज कमी होते. पण गांध्यांसोबत आवाज बसला, खोकला थांबेना, छातीत सूं सूं वाजायला लागलं, उलट्या झाल्या किंवा मूल पांढरं पडून मलूल झालं, तर ते पित्त नव्हे. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि तिथं पहिलं औषध एकच, ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. सेट्रिझिन, ॲव्हिल, डेक्सा ही ॲलर्जीची बाकीची औषधं त्यानंतरची. यांच्या भरवशावर थांबलं की वेळ जातो. तुमच्या मुलाला लातूरला मिळालेली सुई तीच असणार.

परदेशात पालक ॲड्रेनॅलिनचा तयार पेन जवळ ठेवतात. आपल्याकडच्या मेडिकलात तो सहज मिळत नाही, पण साधी ॲम्पूल (काचेची छोटी कुपी) मिळते आणि ती स्वस्त आहे. मी माझ्या अशा रुग्णांच्या आईवडिलांना ॲम्पूल आणि १ मिलीची सिरिंज लिहून देतो, दवाखान्यात बसवून साध्या पाण्यावर चार-पाच वेळा भरायला लावतो. १ मिलीत १ मिलिग्रॅम अशी ॲम्पूल असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोला ०.०१ मिली, म्हणजे १८ किलोच्या मुलाला ०.१८ मिली. लहान मुलांत एका वेळी ०.३ मिलीच्या वर जायचं नाही. सिरिंजवर त्या रेघेला लाल खूण करून देतो, कारण त्या क्षणी कुणाला हिशोब सुचत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून हे प्रत्यक्ष शिकून घ्या. माझं वाचून स्वतःहून सुरू करू नका.

सुई दिल्यावर लगेच १०८ ला फोन. मुलाला आडवं झोपवा, पाय थोडे उंच. धाप असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका, खांद्यावर उभं धरून पळू नका. फरक नाही पडला तर ५ ते १५ मिनिटांत दुसरा डोस देता येतो. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबायचंच, कारण काही मुलांत त्रास पुन्हा उसळतो.

ॲम्पूल उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो. औषध तांबूस दिसलं की टाकून द्या.

धाकटीबद्दल सविस्तर उद्या लिहितो.

---

उदगीरचे_आजोबा

ताई, वाचून वाईट वाटलं. माझं वय ७१. आमच्या लहानपणी शेंगा म्हणजे खिशातला खाऊ, अशी ॲलर्जी कुणाची ऐकली नाही. पण आमच्या गल्लीत एक पोर दोन वर्षांचं असताना "अचानक" गेलं होतं, जेवता जेवता. तेव्हा नजर लागली म्हणाले. आज तुमचं वाचताना ते आठवलं.

तुमच्या सासूबाई म्हणतात तसं थोडं थोडं देऊन सवय लावायची पद्धत खरंच असते का, हे डॉक्टरसाहेबांनी सांगावं. घरातल्या म्हाताऱ्यांना कारण सांगितलं तर त्या ऐकतात. नुसतं "नाही द्यायचं" म्हटलं की त्यांना आपला हात झिडकारल्यासारखं वाटतं.

---

बालरोग_नांदेड

काका, पद्धत आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मिलिग्रॅमच्या मापानं, पहिला आणि वाढवलेला प्रत्येक डोस दवाखान्यात देतात. त्यातसुद्धा कधीकधी तीव्र त्रास होतो आणि तो हाताळायची तयारी तिथं असते. घरी चिमटीनं दिलेल्या कुटाला माप नसतं. सासूबाईंना असं सांगा, की आजी, तुमचं म्हणणं चूक नाही, फक्त ते चुलीपाशी करायचं काम नाही.

आता धाकटी. इथं जुना सल्ला उलटला आहे. पूर्वी आम्हीच सांगायचो की शेंगदाणा उशिरा द्या. लंडनमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत पूर्ण टाळले. टाळलेल्या मुलांत साधारण १७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाल्लेल्यांत ३ टक्क्यांना.

म्हणजे भाऊ ॲलर्जिक आहे म्हणून धाकटीला लांब ठेवलं तर तिचा धोका कमी होत नाही. पण तिला इसब आहे का, आधी अंड्यानं काही झालंय का, हे बघून, गरज वाटल्यास टेस्ट करून, पहिला चमचा दवाखान्यात द्यावा. वरचं खाणं एरवी ६ महिन्यांच्या सुमारास सुरू करतो, तिचा नेमका महिना तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या. अख्खा दाणा कधीच नाही, श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट पेजेत पातळ कालवून. घरात मोठा असताना हे कसं करायचं याचीही आखणी लागेल. काही घरी बाळाला आजीकडं, शेजारी नेऊन भरवतात, हात-तोंड साबणानं धुऊन परत आणतात.

---

कळंबची_मावशी

आमच्याकडं लॅबवाला घरी येऊन रक्त नेतो, दोनशे-अडीचशे पदार्थांची एकच टेस्ट. माझ्या बहिणीनं मुलाची केली, हजारो रुपये गेले. रिपोर्टात गहू, दूध, तूर, वांगं, टोमॅटो, केळं सगळं लाल. तिनं सगळं बंद केलं. चार महिन्यांत पोराचं वजन अडीच किलो उतरलं, हाडं दिसायलीत. हे खरं असतं का?

---

बालरोग_नांदेड

रिपोर्टवर आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) लिहिलं असेल तर तो खाल्लेल्या पदार्थांची नोंद सांगतो, ॲलर्जी सांगत नाही. मूल रोज गहू, तूर खातं म्हणून ते लाल दिसतं. ॲलर्जीची तपासणी आयजीई या दुसऱ्या प्रतिपिंडाची, तीसुद्धा ज्या पदार्थानं खरंच त्रास झाला त्याचीच. टोचायची टेस्ट करण्याआधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारखी औषधं बंद ठेवावी लागतात, नाहीतर निकाल फसवा येतो. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली पण मूल तो पदार्थ मजेत खातंय, तर बंद करू नका. बहिणीला म्हणावं, उद्याच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वजनाचा तक्ता सोबत न्या. खंगलेलं लेकरू ही ॲलर्जीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

तूर-हरभऱ्याचं इथंच सांगतो, कारण सगळे विचारतात. शेंगदाणा, तूर, हरभरा एका कुळातले असले तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं डाळी बिनदिक्कत खातात. हरभऱ्याची वेगळी ॲलर्जी आपल्या देशात दिसते, पण ती ज्याची त्याची. लातूरच्या लेकराचं वरण विनाकारण तोडू नका.

---

किनवटकर

एक सांगायचं राहू नये म्हणून. आमच्या भागात बिब्बा फार. लहान लेकराला बिब्ब्याचा चटका देतात, तेल लावतात. माझ्या पुतण्याच्या पायावर त्यानं एवढाले फोड आले की आठ दिवस ड्रेसिंग करावं लागलं. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. ज्यांच्या मुलांना काजू चालत नाही त्यांनी गोडंबीचे (बिब्ब्याच्या बीतल्या गराचे) लाडू देण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाळंतिणीच्या डब्यात गोडंबी असते आणि मोठं पोर हळूच त्यात हात घालतं.

---

माजलगावचा_बाप

खाण्याचं नाही, श्वासाचं, दम्याचं लिहितो, चालेल ना? धाग्याचं नाव शेंगदाण्याचं आहे, पण ॲलर्जी तीच.

पोरगं ८ वर्षांचं. सोयाबीनची रास (मळणी) सुरू झाली की सुरू व्हायचं. मळणीयंत्राचा भुसा, पाठोपाठ दिवाळीचे फटाके. रात्री दोनला उठून बसायचं, पोट उडायचं, बरगड्या आत ओढायच्या. आम्ही काय नाही केलं. मृगाला हैदराबादला दम्यावरचा मासा गिळवायला नेलं, तीन वर्षं सलग, रेल्वेत उभं राहून. तिसऱ्या वर्षी परतीच्या गाडीतच त्याला धाप लागली आणि माझ्याकडं काहीच औषध नव्हतं. तो प्रवास कुणाच्या वाट्याला येऊ नये.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात पंप (इनहेलर) सुरू केला. घरच्यांनी गोंधळ घातला, पंपाची सवय लागते, कायमचं लागतं. डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं: गोळी आणि पातळ औषध अख्ख्या अंगात फिरतं, पंपातलं थेट फुप्फुसात जातं, म्हणून मात्रा कितीतरी कमी लागते. एक पंप धाप लागली की घ्यायचा, दुसरा रोजचा, धाप लागूच नये म्हणून. आम्ही रोजचा पंप बरं वाटलं की बंद करायचो, चूक तीच होत होती. पंप नुसता तोंडात मारायचा नाही, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावायचा, नाहीतर औषध जिभेवरच राहतं. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची.

दोन वर्षं झाली. यंदा राशीच्या दिवसांत एकदाही ॲडमिट नाही. रास करताना त्याला आजोळी ठेवतो, आणि मी शेतातून आलो की आधी आंघोळ, मग त्याला जवळ घेतो. बांधावरचं गाजर गवत फुलायच्या आधी उपटतो, हातात मोजे घालून, कारण त्यानं माझ्याच हाताला चट्टे यायचे. हे गवत आपल्या मातीतलं नाहीच. अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात आणि १९५५ ला पुण्यात पहिल्यांदा दिसलं. आज आमच्या गावात शाळेच्या कुंपणाला तेच आहे. ग्रामसभेत दोनदा विषय मांडला, तिसऱ्यांदाही मांडणार.

---

आशा_बीड

दादा, तुमचं वाचून लिहिते. आमच्या गावातून दसरा-दिवाळीला निम्मं गाव ऊसतोडीला जातं. दम्याची लेकरं सोबत जातात, पाचटाच्या धुरात राहतात. ती निघण्याआधी मी त्यांच्या आईकडं पुरतील एवढे पंप आणि एक कागद देते. कागदावर मोठ्या अक्षरात लेकराला काय होतं, कुठलं औषध चालू आहे. तिकडच्या डॉक्टरला काही माहीत नसतं, आईला नाव सांगता येत नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, कोयत्याच्या पिशवीत नको, लेकराच्या कपड्यात. ज्यांना जमेल त्यांनी आपल्या गावात हे करा.

---

झेडपी_गुरुजी (जिंतूर)

मांजराकाठची ताई, शाळेनं "घरी ठेवा" म्हणणं बरोबर नाही. पण बाई घाबरल्या हेही खरं, आम्हाला हे कुणी शिकवत नाही.

माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी अंड्याची ॲलर्जी असलेली मुलगी होती. आम्ही काय केलं ते लिहितो. तिच्या वडिलांनी डॉक्टरांच्या सहीचा एक कागद आणला: फोटो, वजन, काय चालत नाही, काय दिसलं की काय करायचं, तीन फोन नंबर. तो ऑफिसात आणि पोषण आहाराच्या खोलीत चिकटवला. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना मी स्वतः समजावलं, कारण खरा हात त्यांचा. त्यांनी तिची ताटली वेगळ्या रंगाची केली, हे त्यांचंच डोकं. वर्गाला सांगितलं की हिच्या डब्यात कुणी काही टाकायचं नाही, खेळात भांडण झालं तरी नाही. मुलं आपल्यापेक्षा कडक निघतात. दुसऱ्याच आठवड्यात एका पोरानं वाढदिवसाचा केक वाटताना पाहुण्यांनाच अडवलं, "तिला अंडं चालत नाही."

तुमच्या बाबतीत चिक्कीचं बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्टला चिक्की किंवा लाडू वाटतात, बाहेरून कुणीतरी आणतं आणि मुख्याध्यापकांनाही आधी कळत नाही. त्या दिवसांसाठी एक डबा राजगिऱ्याच्या लाडवांचा वर्गातच ठेवून द्या.

आणि त्याला स्वतःला शिकवा. पाच वर्षांचं लेकरू "मला दाणा चालत नाही, आधी आईला विचारा" एवढं पाठ करू शकतं.

---

गोदाकाठ_परभणी

गुरुजी, हात जोडते. असे गुरुजी माझ्या लेकीला मिळाले असते तर दोन शाळा बदलाव्या लागल्या नसत्या.

---

जालन्याची_सून

लसीचं कुणी सांगाल का? मुलीला अंड्यानं गांध्या येतात. गोवरची लस राहिलीय, शेजारी म्हणतात त्यात अंडं असतं.

---

बालरोग_नांदेड

गोवर-रुबेलाची लस अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना देता येते. थांबू नका. अंड्याचं नर्सताईंना सांगा, लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा, एवढंच. आणि दूध-अंड्याची ॲलर्जी बरीच मुलं वाढत्या वयात मागं टाकतात, दरवर्षी तपासत राहा. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची जाते.

दुधाच्या ॲलर्जीबद्दल मला खासगीत तिघांनी विचारलंय म्हणून इथं लिहितो. गाईचं बाधतं तर शेळीचं द्या, हा सल्ला आपल्याकडं घरोघरी मिळतो. शेळीच्या, म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, बहुतेक बाळांना तीही बाधतात.

---

मांजराकाठची (लातूर)

सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. येळवस झाली. सांगते.

आधी डॉक्टरांकडं गेलो. यांना आणि मला दोघांनाही सुई भरायला शिकवलं. माझा हात थरथरत होता, यांनी तीनदा बरोबर भरली. सिरिंजवर लाल खूण आहे. ॲम्पूल दोन, एक घरी, एक पिशवीत.

सासूबाईंना उदगीरच्या आजोबांचं वाचून दाखवलं, ते जेवता जेवता गेलेलं पोर. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, माझी धाकटी नणंद अशीच गेली होती गं, चार वर्षांची, आम्ही देवी समजलो. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तिचं नाव या घरात पहिल्यांदा निघालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच जावांना फोन लावले. यंदा भज्जीत दाणे नाहीत, नुसता तूर, वाटाणा, हरभऱ्याची भाजी, चिंच आणि डाळीचं पीठ. शेंगाच्या पोळ्या केल्या नाहीत, तिळाच्या केल्या. एका काकूंनी सवयीनं चटणीचा डबा आणला होता, तो सासूबाईंनी गाडीतून उतरूच दिला नाही. काकू थोड्या रुसल्या. आंबील प्यायला बसल्यावर ठीक झाल्या.

तरी मी दिवसभर त्याच्या मागं मागं होते. कोपीपाशी (पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपीपाशी) पूजा चालली होती, सगळे पांडवांना हात जोडत होते आणि मी त्याच्या मुठीत काय आहे ते बघत होते. दुपारी शेजारच्या शेतातला एक पोरगा ओंजळभर ओल्या शेंगा घेऊन आला. माझा लेक हात मागं घेऊन म्हणाला, "मला दाणा चालत नाही. आईला विचार." गुरुजी, तुमचंच वाक्य.

शाळेला कागद दिलाय. बाई अजून घाबरलेल्या आहेत, पण सोमवारपासून ये म्हणाल्या. मधल्या सुट्टीत पहिला आठवडा मी व्हरांड्यात बसणार आहे.

धाकटीची दवाखान्यातली तारीख पुढच्या महिन्यात, ती तेव्हा साडेसहा महिन्यांची असेल. तिला इसब नाही. पेजेत कूट कालवून आणा म्हणालेत. घरात दाणे नाहीत, कूट कुणाकडून मागायचं ते ठरत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, काकूंकडून आण, डबा तिच्याकडं परत गेलाय तसाच.

---

गोदाकाठ_परभणी

ताई, संक्रांतीला हळदीकुंकवात तिळगूळ वाटतील, त्यात बऱ्याच जणी कूट मिसळतात. त्याला बाहेरचा एकही खाऊ देऊ नका. मी पातेलंभर घरचे करते आणि लेकीच्या खिशात आधीच भरून ठेवते, दिलेला घ्यायचा, मला आणून द्यायचा, आणि खिशातला खायचा. पाठवू का तुमच्याकडं, परभणीहून लातूरची गाडी आहे सकाळची?

---

मांजराकाठची (लातूर)

पाठवा ताई. स्टँडवर मी येते घ्यायला.